जुन्या कायदेशीर शब्दांचे अर्थ आणि उगम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खरेदीखत, सातबारा, समन्स किंवा आजोबांच्या पेटीत सापडलेला दस्त हातात पडला, की त्यातला एखादा शब्द अडतो आणि तो कोणाला विचारावा हे कळत नाही. असे जे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येत राहिले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ती शब्दांचा अर्थ समजावून देण्यापुरती आहेत. एखाद्या विशिष्ट जमिनीचा किंवा खटल्याचा निर्णय करायचा असेल तर मूळ कागद वकिलांना दाखवावा.

१. कोर्टकचेरीच्या मराठीत इतके फारसी आणि अरबी शब्द का आहेत?

बहमनी राज्य आणि त्यातून निघालेल्या आदिलशाही, निजामशाही यांसारख्या सत्तांच्या काळात दरबाराची भाषा फारसी होती, आणि फारसीने स्वतःच कायद्याचे पुष्कळसे शब्द अरबीतून घेतले होते. गावपातळीवरचा हिशेब व पत्रव्यवहार मात्र मराठीतून, मोडीत लिहिला जाई. त्यामुळे वाक्य मराठी आणि त्यातले कामकाजाचे शब्द फारसी, अशी घडण तयार झाली. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचून या शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही पेशवाईतील कागद पाहिले तर दावा, फिर्याद, जामीन, हुकूम हे शब्द ठामपणे तेथेच बसलेले दिसतात. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि १८२७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखली जाणारी विनियमसंहिता लागू झाली. कायद्याचा साचा इंग्रजी झाला, पण कचेरीतले कारकून आणि पक्षकार तेच राहिले, आणि त्यांच्यासोबत त्यांचे शब्दही. लोकांच्या हक्काशी जोडलेला शब्द वरून हुकूम काढून सहसा बदलत नाही, हे या इतिहासात चांगले दिसते.

२. मग वादी, प्रतिवादी, साक्षी हे संस्कृत शब्द कोठून आले?

ते धर्मशास्त्राच्या परंपरेतून आले. स्मृतिग्रंथांत न्यायालयीन वादाला ‘व्यवहार’ म्हणतात आणि त्याचे चार पाद सांगतात : मागणी करणाऱ्याचे म्हणणे, त्यावरचे उत्तर, पुरावा आणि निर्णय. आजच्या दिवाणी दाव्याचे टप्पेही साधारण हेच असल्यामुळे ही परिभाषा सहज टिकली. मराठ्यांच्या काळातील निवाडपत्रांत वादीला ‘अग्रवादी’ आणि प्रतिवादीला ‘पश्चिमवादी’ म्हटलेले आढळते. ‘साक्षी’ म्हणजे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तो. त्याला फारसी ‘दार’ जोडून मराठीने ‘साक्षीदार’ केला. ‘पंचनामा’ हा असाच दुसरा जोडशब्द (प्रश्न १० पाहा). ‘व्यवहार’ या शब्दाचा मूळ अर्थ मात्र आपण विसरलो आहोत. आज तो पैशाच्या देवघेवीला लावतात. नीळकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या नावात तो जुन्या, म्हणजे न्यायव्यवहाराच्या अर्थाने आहे.

३. दावा, फिर्याद, तक्रार आणि दरखास्त या सगळ्यांचा अर्थ एकच नव्हे काय?

नाही, आणि कचेरीत एकाच्या जागी दुसरा शब्द वापरला तर कागद चुकीच्या टेबलावर जातो. ‘दावा’ हा अरबी शब्द असून एखाद्या हक्कावर सांगितलेली मागणी असा त्याचा अर्थ आहे. तो दिवाणी न्यायालयात लावतात. ‘फिर्याद’ म्हणजे फारसीत मदतीसाठी फोडलेला टाहो. ती फौजदारी बाजूची असते आणि देणाऱ्याला फिर्यादी म्हणतात. ‘तक्रार’ याचा अरबीतला अर्थ पुनरुक्ती, पुन्हा पुन्हा सांगणे असा आहे. आज ग्राहक आयोगासमोर जाणाऱ्याला ‘तक्रारदार’ आणि त्याच्या विरुद्ध पक्षाला ‘सामनेवाले’ म्हणतात. ‘दरखास्त’ म्हणजे विनंती. परंतु न्यायालयात या शब्दाला फार नेमका अर्थ आला आहे. दावा जिंकल्यावर हुकूमनाम्याची (प्रश्न ७ पाहा) अंमलबजावणी करून मागण्यासाठी जो अर्ज करावा लागतो, तीच दरखास्त. सर्वसाधारणपणे हुकूमनामा अमलात येण्याजोगा झाल्यापासून १२ वर्षांत ती दाखल करावी लागते. दावा जिंकला म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी ही मुदत लक्षात ठेवावी.

४. प्रतिवादीने ‘कैफियत’ द्यावी असे समन्समध्ये लिहिले आहे. कैफियत म्हणजे गाऱ्हाणे ना?

बोलीभाषेत तसा अर्थ झाला आहे, न्यायालयात नाही. ‘कैफियत’ म्हणजे अरबीत एखाद्या गोष्टीची स्थिती किंवा हकिगत. मराठेशाहीत घराण्यांच्या व गावांच्या हकिगती ‘कैफियत’ या नावाने लिहून ठेवल्या गेल्या आणि त्यांचा आज इतिहासाची साधने म्हणून उपयोग होतो. दिवाणी दाव्यात ‘लेखी कैफियत’ म्हणजे दाव्यातील प्रत्येक विधानाला प्रतिवादीने दिलेले लेखी उत्तर. जे विधान त्यात स्पष्टपणे नाकारले जात नाही ते मान्य असल्याचे धरले जाऊ शकते. त्यामुळे आपल्यावर झालेल्या अन्यायाचे भावनिक वर्णन करून थांबू नये.

५. वकिलांनी ‘पुरसिस दिली’ असे सांगितले. हे नेमके काय असते?

फारसीत ‘पुरसिश’ म्हणजे विचारपूस. आज महाराष्ट्रातील न्यायालयांत पुरसिस म्हणजे पक्षकाराने किंवा त्याच्या वकिलाने एखादी गोष्ट न्यायालयाला कळवण्यासाठी दिलेला छोटा लेखी कागद. ‘आमचा पुरावा संपला’, ‘आपसांत तडजोड झाली’, ‘अमुक साक्षीदार तपासायचा नाही’ अशा गोष्टी पुरसिशीने कळवतात. तिच्यात बहुधा मागणी नसते, निवेदन असते. मागणी असेल तर अर्ज द्यावा लागतो. कागद लहान असला तरी परिणाम मोठा असू शकतो, म्हणून कोऱ्या पुरसिशीवर सही करू नये.

६. ‘निशाणी ५ चा अर्ज’ म्हणजे काय? आणि जुन्या दस्तावर ‘निशाणी नांगर’ असे का लिहिलेले असते?

दोन्हीकडे शब्द एकच आहे : फारसीतून आलेला, खूण या अर्थाचा. न्यायालयाच्या प्रकरणात येणाऱ्या प्रत्येक महत्त्वाच्या कागदावर क्रमांक टाकतात, त्याला निशाणी म्हणतात आणि संक्षेपाने ‘नि.’ असे लिहितात. दाव्यासोबतचा तात्पुरत्या मनाईचा अर्ज प्रघाताने पाचव्या क्रमांकावर येतो, म्हणून वकील मंडळींच्या बोलण्यात ‘निशाणी पाच’ म्हणजे मनाईचा अर्ज असेच समीकरण झाले आहे.

जुन्या कागदांवरची निशाणी ही सही न करता येणाऱ्याची खूण होय. मराठेशाहीत वतनाचा किंवा हद्दीचा वाद गोतसभेपुढे, म्हणजे गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार व परगण्याचे देशमुख-देशपांडे यांच्या सभेपुढे चाले. त्या सभेच्या निर्णयाचा कागद ‘महजर’ म्हणून ओळखला जाई आणि त्यावर जमलेल्यांची नावे व खुणा येत. पाटलाची खूण नांगर असे. शेती कसणाऱ्या गावाचा प्रमुख म्हणून त्याने दिलेली ती ग्वाही होती, आणि सही न येण्याची लाज तिच्यामागे मुळीच नव्हती. आजचे ‘नि. डा. अं.’, म्हणजे निशाणी डावा अंगठा, हे तिचेच पुढचे रूप आहे. वाद जिंकणाऱ्याकडून सरकार ‘हरकी’ आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ या नावाने रक्कम घेई, हेही जाता जाता सांगायला हवे. जुन्या हिशेबात ‘गुन्हेगारी’ दिसली तर घराण्यात कोणी चोरी केली होती असा अर्थ काढू नये.

७. न्यायनिर्णय, हुकूमनामा आणि आदेश यांत फरक काय?

न्यायाधीशांनी कारणांसह दिलेला निकाल म्हणजे न्यायनिर्णय. त्यातून पक्षकारांचे हक्क निश्चित ठरवणारा जो औपचारिक कागद तयार होतो तो हुकूमनामा. हुकूमनामा नसलेला दिवाणी न्यायालयाचा इतर निर्णय म्हणजे आदेश. अंमलबजावणी हुकूमनाम्याची होते, म्हणून दरखास्तीला त्याची नक्कल जोडतात (दरखास्तीविषयी प्रश्न ३ पाहा). अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. दावापत्र कायद्याने नाकारले गेले तर तो दिसायला साधा आदेश असतो, पण १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार तो हुकूमनामा समजला जातो आणि त्यावर अपील चालते. वादी गैरहजर राहिला म्हणून दावा काढून टाकला, तर तो मात्र हुकूमनामा नव्हे.

८. जामीन, जामीनदार आणि जातमुचलका यांत काय फरक आहे? ‘जातमुचलका’ या शब्दात जात का आली?

अरबीत ‘जामीन’ म्हणजे हमी घेणारा माणूस. मराठेशाहीच्या कागदांत ‘हाजीरजामीन’ म्हणजे अमुक माणसाला हजर करीन अशी हमी घेणारा, आणि ‘मालजामीन’ म्हणजे रक्कम भरण्याची हमी घेणारा. पुढे ‘जामीन’ हा शब्द माणसाकडून सुटकेकडे सरकला, ‘जामीन मंजूर झाला’ असे आपण म्हणू लागलो आणि माणसासाठी ‘जामीनदार’ असा नवा शब्द बनवावा लागला. ‘मुचलका’ हा तुर्की-मंगोल मुळाचा शब्द फारसीमार्गे आला असून त्याचा अर्थ लेखी बंधपत्र असा आहे.

जातमुचलक्यातील ‘जात’ हा अरबी शब्द आहे. त्याचा अर्थ स्वतः. ‘जातीने हजर राहा’ या वाक्प्रयोगात तोच आहे आणि समाजातील जातीशी त्याचा संबंध नाही. म्हणजे कोणी दुसरा हमीदार न देता आरोपीने स्वतःच लिहून दिलेले बंधपत्र तो जातमुचलका. अटकपूर्व जामिनाची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ मध्ये आहे. शब्द तोच राहिला, कलम बदलले.

९. ‘अदखलपात्र’ गुन्हा म्हणजे पोलीस दखलच घेणार नाहीत का?

नाही. येथे ‘दखल’ हा अरबी शब्द प्रवेश किंवा हस्तक्षेप या अर्थाने आहे. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय तपास व अटक करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात तसा हुकूम लागतो. अशी तक्रार आली तरी ती नोंदवून घेणे हे ठाण्याचे काम आहे, आणि तिलाच लोक ‘एनसी’ म्हणतात.

१०. पंचनामा म्हणजे पुरावा का? आणि पिकाच्या नुकसानीचा पंचनामाही तोच का?

पंच हा आपला जुना शब्द, ‘नामा’ फारसीतला, म्हणजे लेख. पंचांसमक्ष जे दिसले ते लिहून काढलेला कागद म्हणजे पंचनामा. पोलिसांच्या झडतीच्या वेळी दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत असे जुन्या कायद्यात होते आणि नव्यातही आहे. नव्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करण्याची भर घातली आहे. ‘मरणोत्तर पंचनामा’ हा संशयास्पद मृत्यूच्या वेळी प्रेताच्या स्थितीची नोंद करण्यासाठी असतो. गुन्हा कोणी केला हे त्यात ठरत नाही. आणि पंचनामा स्वतःच्या पायावर उभा राहणारा पुरावा नाही : तो करणाऱ्याने किंवा पंचाने न्यायालयात येऊन शाबीत करावा लागतो. पंच फितूर झाले की खटला डळमळतो तो यामुळेच.

अतिवृष्टीनंतर शेतात होणारा पंचनामा महसुली असतो. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि कृषी विभागाचे कर्मचारी नुकसानीची पाहणी करून तो लिहितात. नाव आणि पद्धत सारखी, परिणाम वेगळा. त्यातून मदत मिळते, कोणावर आरोप ठेवला जात नाही.

११. खरेदीखतात ‘सबब’, ‘मजकूर’, ‘मौजे’, ‘लिहून देणार’ असे शब्द असतात. त्यांचा अर्थ आजच्या अर्थापेक्षा वेगळा आहे का?

बराच वेगळा आहे. ‘सबब’ म्हणजे अरबीत कारण, आणि दस्तात तो ‘म्हणून, या कारणाने’ असा वाचावा. ‘खोटी सबब सांगितली’ मधली कुचेष्टा त्यात नाही. ‘मजकूर’ म्हणजे उल्लेखिलेला : ‘गाव मजकूर’ म्हणजे वर सांगितलेले गाव. ‘मौजे’ म्हणजे महसुली गाव, आणि त्याच्या जोडीला बाजारपेठेच्या गावाला ‘कसबे’ लावतात. ‘लिहून देणार’ हा हक्क देणारा पक्ष आणि ‘लिहून घेणार’ हा हक्क मिळवणारा. दस्त प्रत्यक्षात कोणी लिहिला याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘चतुःसीमा’ म्हणजे चारही बाजूंना काय आहे याचे वर्णन. गट क्रमांक चुकला तर पुष्कळदा चतुःसीमेवरूनच मिळकत ओळखावी लागते, त्यामुळे जुन्या दस्ताची चतुःसीमा डोळे झाकून नव्या दस्तात उतरवणे धोक्याचे असते. शेजारी मधल्या काळात बदललेले असतात.

१२. साठेखत झाले म्हणजे जमीन माझी झाली का? आणि ‘खुशखरेदी’ म्हणजे काय?

साठेखताने जमीन मालकीची होत नाही. या शब्दाचा साठ्याशी संबंध नसून मूळ रूप ‘साटेखत’ असे आहे. साटे म्हणजे सौदा ठरवणे, आणि साटेलोटे या शब्दात तो अजून दिसतो. सौदा ठरल्याचा, पुढे विक्री करून देण्याचा हा करार आहे. त्या वेळी दिलेल्या रकमेला इसार किंवा विसार म्हणतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ स्पष्ट सांगते, की विक्रीच्या करारामुळे त्या मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखताने. करार मोडल्यास न्यायालयाकडून तो पाळून घेण्याची मागणी करता येते, हे साठेखताचे खरे बळ आहे.

‘कायम खुशखरेदीखत’ यातील ‘खुश’ म्हणजे स्वखुशीने, दबावाशिवाय. आणि ‘कायम’ म्हणजे परत फिरवण्याच्या अटीविना. हा दुसरा शब्द का घालावा लागला, ते प्रश्न २१ मध्ये कळेल.

१३. वकीलपत्र आणि मुखत्यारपत्र यांत फरक काय? ‘कुलमुखत्यार’ म्हणजे कुळाचा मुखत्यार का?

‘वकील’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. पेशवाईत परराज्याच्या दरबारी राहणाऱ्या दूतालाही वकीलच म्हणत. आज वकीलपत्राने वकिलाला विशिष्ट प्रकरणात न्यायालयात काम चालवण्याचा अधिकार मिळतो. मुखत्यारपत्राने कोणाही विश्वासू व्यक्तीला आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देता येतो. तो एका कामापुरता असेल तर खास मुखत्यारपत्र, सर्व कामांसाठी असेल तर कुलमुखत्यारपत्र. येथे ‘कुल’ म्हणजे अरबीत सर्व. कुळाशी किंवा कुलाशी त्याचा संबंध नाही, जरी कित्येक दस्तलेखक ‘कुळमुखत्यार’ असे लिहून जातात.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले, की केवळ मुखत्यारपत्राने मिळकतीची मालकी हस्तांतरित होत नाही. मुखत्यारपत्र देणारा मरण पावला की अधिकार संपतो, ही सर्वसाधारण गोष्ट. अपवाद असा, की ज्या बाबतीत अधिकार दिला तिच्यात मुखत्याराचा स्वतःचाच हितसंबंध असेल, तर करार कायद्याच्या कलम २०२ प्रमाणे तो मृत्यूने संपत नाही. दस्तात ‘रद्द न होणारे’ असे नुसते लिहिल्याने मात्र हा अपवाद लागू होत नाही.

१४. मृत्युपत्र, इच्छापत्र, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र : यांतले कोणते केव्हा?

मृत्युपत्र व इच्छापत्र एकच. ते मृत्यूनंतर अमलात येते, हयातीत कितीही वेळा बदलता येते, त्याला दोन साक्षीदार लागतात आणि मुद्रांक किंवा नोंदणी सक्तीची नाही. बक्षीसपत्र हयातीतच हक्क देते. स्थावर मिळकतीसाठी ते नोंदणीकृत असावे लागते आणि देणाऱ्याच्या हयातीत घेणाऱ्याने स्वीकारलेले असावे लागते. हक्कसोडपत्र सहहिस्सेदाराने दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात करायचे असते. बाहेरच्या माणसाच्या नावे ‘हक्कसोड’ करून दिली तर वरचे नाव काहीही असो, मजकूर बघून तो दस्त बक्षीस किंवा विक्री ठरतो.

१५. ‘सातबारा’ हे नाव कसे पडले? त्यावर नाव असले म्हणजे मालकी सिद्ध झाली का?

महसूल खात्याच्या गाव नमुन्यांपैकी क्रमांक ७ हा अधिकार अभिलेख, म्हणजे जमीन कोणाच्या नावे, क्षेत्र किती, इतर हक्क कोणाचे हे सांगणारा; क्रमांक १२ ही पिकांची नोंद. दोन्ही एका कागदावर येतात म्हणून सातबारा. एका खातेदाराची गावातील सर्व जमीन दाखवणारा तो ‘आठ अ’, आणि बदलांची नोंदवही ती गाव नमुना ६, म्हणजे ‘फेरफार’.

मालकीच्या प्रश्नाचे उत्तर सावधपणे द्यावे लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. परंतु फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. महसूल कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी ती नोंद आहे. त्यामुळे भावाचे नाव सातबाऱ्यावर आहे एवढ्याने बहिणीचा वारसा बुडत नाही. उलट, खरेदीखत असूनही फेरफार घातला नसेल तर मालकी जात नाही, फक्त पुढे कटकटी वाढतात.

१६. जुन्या सातबाऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’, ‘अ.पा.क.’ आणि कंसातली नावे आहेत. ती कशी वाचावीत?

‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. एकाच भावाचे नाव अशा रीतीने लागलेले असेल तर तो सगळ्या कुटुंबाच्या वतीने नोंदला गेला आहे. बाकीच्यांचा हिस्सा त्यामागे असू शकतो. विकत घेणाऱ्याने येथे थांबून मूळ फेरफार काढावा. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्ती, सज्ञान म्हणजे ते वय पूर्ण केलेली. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. कंस केलेले नाव म्हणजे त्या व्यक्तीची नोंद कमी केली आहे. ती कोणत्या फेरफाराने कमी झाली, तो क्रमांक बहुधा शेजारीच असतो आणि खरी गोष्ट तेथे कळते.

१७. १९२० च्या सुमाराच्या फेरफारात आमच्या पणजोबांनी ‘राजीनामा’ दिल्याचे लिहिले आहे. ते सरकारी नोकर होते का?

तसे समजण्याचे कारण नाही. ‘राजीनामा’ म्हणजे राजी असल्याचा लेख, संमतीपत्र. जमीन महसुलाच्या जुन्या पद्धतीत खातेदार जमिनीवरचा आपला कब्जाहक्क सोडताना राजीनामा लिहून देई आणि जो घेणार तो सारा, म्हणजे जमीन महसूल, भरण्याची ‘कबुलायत’ लिहून देई. ‘राजीनामा-कबुलायत’ अशी जोडनोंद म्हणूनच दिसते. नोकरी सोडण्याचा अर्थ नंतर रूढ झाला आणि त्याने मूळ अर्थ झाकून टाकला.

१८. ‘कुळ’ म्हणजे भाडेकरू का? आमच्या घरात राहणारे भाडेकरू कुळ ठरतील का?

घराचा भाडेकरू कुळ ठरत नाही. संस्कृत ‘कुल’ म्हणजे कुटुंब. महसुली मराठीत ते सारा देणारे कुटुंब झाले, सावकाराच्या वहीत कर्जदार झाले आणि शेतीत दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा झाले. आजचा कायदेशीर अर्थ या शेवटच्या अर्थाशी जोडलेला आहे. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ च्या कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कायद्याच्या अटींत बसणारी कुळे कसत असलेल्या जमिनीची मालक मानली गेली. किंमत ठरवण्याची कार्यवाही ‘३२ ग’ आणि खरेदीचे प्रमाणपत्र ‘३२ म’ या कलमांच्या नावांनीच गावोगाव ओळखली जाते. अशा जमिनीच्या विक्रीवर कलम ४३ चे बंधन येते.

दोन अडचणीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कुळकायदा आणि विदर्भाला १९५८ चा स्वतंत्र कायदा लागू असल्यामुळे कोल्हापूरच्या नातेवाइकाचा अनुभव परभणीत जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. दुसरे, कुटुंबातील माणूस किंवा पगारी गडी जमीन कसत असला तरी तो कुळ होत नाही. अर्धेलीने, वाट्याने कसणारा मात्र होऊ शकतो, आणि बहुतेक तंटे नेमके येथे होतात.

१९. वतन, इनाम आणि मिरास एकच आहेत का? ही जमीन विकता येते का?

तिन्ही अरबी शब्द, तीन वेगळे हक्क. ‘वतन’ म्हणजे मूळ अर्थाने जन्मभूमी. मराठीत ते वंशपरंपरागत अधिकारपद आणि त्याबद्दलचे उत्पन्न झाले. ‘इनाम’ म्हणजे सरकारने बक्षीस दिलेली, साऱ्यातून पूर्ण किंवा अंशतः सूट असलेली जमीन. ‘मिरास’ म्हणजे वारसा. गावात पिढ्यान्‌पिढ्या कसण्याचा कायम हक्क असलेला तो मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा तो ‘उपरी’.

वतनांकडे हळव्या आठवणींनी पाहणाऱ्यांनी त्यांची दुसरी बाजूही पाहावी. महार वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात गावाची आणि सरकारची वाटेल ती कामे करावी लागत. ही वेठ संपावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या, व्यक्तिगत इनामे १९५२ च्या, कनिष्ठ गाव वतने १९५८ च्या आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. त्यांपैकी कित्येक जमिनी मूळ धारकांना पुन्हा दिल्या गेल्या, पण नव्या शर्तीवर, म्हणजे परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा अटीवर. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर बहुधा परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) यांचा प्रश्न येतो. देवस्थान इनामाची गोष्ट निराळी : मालकी देवाची असते आणि पुजारी किंवा वहिवाटदार तिचा मालक नसतो.

२०. आणेवारी आणि पोटखराबा?

रुपयाचे आणे १६, म्हणून पूर्ण हक्क म्हणजे सोळा आणे. जुन्या सातबाऱ्यावरची आणेवारी हिस्सा सांगते आणि दुष्काळाच्या बातम्यांतली आणेवारी, म्हणजे आताची पैसेवारी, पिकाचा अंदाज सांगते. पोटखराब्यातील ‘पोट’ म्हणजे आतला भाग, पोटहिस्सा किंवा पोटकलम यांत असतो तसा. गटातील लागवडीस अयोग्य क्षेत्र वर्ग ‘अ’, आणि रस्ता, ओढा अशा सार्वजनिक कारणासाठी राखलेले वर्ग ‘ब’.

२१. आजोबांनी ‘मुदत खरेदी’ लिहून दिली होती. ती विक्री की गहाण?

शब्द विक्रीचा आहे, पण हेतू अनेकदा कर्जाचा असे. सावकाराकडून पैसे घ्यायचे, जमीन ‘खरेदी’ लिहून द्यायची आणि मुदतीत रक्कम फेडली की त्याने ती परत द्यायची, अशी ही रीत होती; कुटुंबात तोंडी सांगितल्या जाणाऱ्या हकिगतीत ती बहुधा ‘सावकाराने जमीन गिळली’ या रूपात उरते. कायदा दस्ताच्या नावाकडे पाहत नाही. मात्र मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ नुसार, परत देण्याची अट त्याच दस्तात असेल तरच त्याला शर्तीच्या विक्रीने केलेले गहाण मानता येते. वेगळ्या कागदावर ती अट लिहिली असेल तर तो गहाणाचा दस्त ठरत नाही. गहाण ठरले तर सोडवून घेण्याची मुदत ३० वर्षे. ज्या दस्तात अशी अट नको असे, तेथे ‘कायम’ हा शब्द आवर्जून घालत (प्रश्न १२).

२२. आम्ही गोव्याचे. आमच्याकडे सातबारा नाही, मग त्याच्या जागी काय?

गोव्यात नमुना १ आणि १४ एकत्र मिळतो, म्हणून लोक त्याला ‘एक-चौदा’ म्हणतात. ‘कूळ’ हा शब्द तेथेही शेतजमिनीपुरता आहे आणि १९६४ चा स्वतंत्र कायदा त्याला लागू आहे. त्याच्याशी ‘मुंडकार’ची गल्लत करू नये : भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत घर करून राहणारा तो मुंडकार, आणि त्याला संरक्षण देणारा कायदा १९७५ चा. गावकारीच्या सामाईक जमिनी कोमुनिदाद या ग्रामसंस्थेच्या नावे असतात. विवाह आणि संपत्ती यांवर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची छाप असल्यामुळे पती-पत्नीच्या सामाईक मालकीची कल्पना तेथे खोल रुजली आहे, आणि विक्रीच्या दस्तावर दोघांची संमती पाहिली जाते. वारसाविषयक तरतुदी आता २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात आहेत.

२३. आमच्या खरेदीखतात ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’ असे लिहिले आहे. मग जमिनीत धन सापडले तर ते आमचेच ना?

ही शब्दावली शेकडो वर्षांची आहे. दानपत्रे आणि इनामाच्या सनदा यांतून ती खरेदीखतात उतरली. निधी म्हणजे पुरलेले धन, निक्षेप म्हणजे ठेव. राजा दान देताना आपल्या हक्काचेच दान देत असल्याने त्याला हे सर्व देता येई. आजच्या विक्रेत्याला मात्र जे त्याच्याजवळ आहे तेवढेच देता येते. झाडे, विहीर, बांधाचे दगड यांबाबत ते शब्द उपयोगी आहेत, तरीही विहिरीतील पाण्याची पाळी किंवा बांधावरच्या आंब्याचा वाटा असेल तर तो वेगळा लिहावा. जमिनीखालील खनिजांवर महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार राज्य शासनाचा हक्क आहे. आणि पुरलेले धन सापडले तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो : १० रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा सापडल्यास सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, आणि तो कोणाला, किती वाट्याने मिळायचा याचा निर्णय चौकशीनंतर त्या कायद्यानुसार होतो. न कळवता ठेवून घेतल्यास आपला वाटा तर जातोच, शिवाय शिक्षाही होऊ शकते.